अपिलाचा आडोसा

आपल्या समाजात 'अपील' हा शब्द अलीकडे फार सोयीचा झाला आहे. एखाद्या धर्मगुरूवर, प्रचारकावर किंवा वसतिगृहाच्या चालकावर बालकाच्या लैंगिक शोषणाचा आरोप आला की प्रथम म्हटले जाते, 'अजून सिद्ध कुठे झाले आहे?' खटला उभा राहिला की म्हटले जाते, 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, बोलू नये.' न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा ठोठावली की म्हटले जाते, 'वर अपील केले आहे, त्याचा निकाल लागू द्या.' आणि अपिलाचा निकाल लागेतो त्या मुलाला मिसरूड फुटलेली असते, ती मुलगी सासरी गेलेली असते. मग म्हटले जाते, 'आता जुने उकरून काय मिळणार?' अशा रीतीने पहिल्या दिवसापासून अखेरच्या दिवसापर्यंत बोलण्याची वेळ म्हणून कधी येतच नाही.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. अपील हा शिक्षा झालेल्या माणसाचा हक्क आहे आणि तो त्याला पुरेपूर मिळाला पाहिजे. परंतु ती समाजाला मिळालेली मौनाची सनद नव्हे. न्यायालयाने काय करायचे ते न्यायालय ठरवील. आपण त्या बालकाच्या शेजारी उभे राहायचे की नाही, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे प्रलंबित नाही. त्याचे उत्तर आपणच द्यायचे आहे, आणि ते आजच द्यायचे आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन अरण्यमय जिल्हे डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावतीच्या खोऱ्यांतील या प्रदेशात शाळा म्हणजे पुष्कळदा घरापासून दूरची शाळा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. तेंदूपत्त्याच्या हंगामात आईबाप पहाटेच रानात. अशा घरांतील मुलांनी शिकायचे तर आश्रमशाळा, खाजगी संस्थांची वसतिगृहे किंवा मिशनची बोर्डिंगे यांवाचून दुसरा मार्ग नाही. १९६२ साली चांदा मिशनची उभारणी झाली, तेव्हापासून कितीतरी धर्मगुरूंनी आणि व्रतस्थ भगिनींनी या मुलांसाठी हाडांची काडे केली. त्या सेवेचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. उलट त्या सेवेची चाड आहे म्हणूनच हा लेख आहे. ज्या छताखालून मूल आपल्या पायांनी चालत घरी परत जाऊ शकत नाही, त्या छताच्या मालकाकडे फार मोठी सत्ता जमा होते. तो अन्न देतो, निजायला जागा देतो, परीक्षेचा अर्ज भरतो. आणि तो झग्यातला असेल तर देवाचे नावही त्याच्याच मुखात असते. अशा माणसाविरुद्ध दहा वर्षांच्या मुलाने तोंड उघडायचे म्हणजे काय, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

एप्रिल २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहाचे प्रकरण उघडकीस आले. इन्फंट जीझस इंग्लिश पब्लिक हायस्कूल असे शाळेचे नाव. ती संस्था ख्रिस्तसभेची नव्हती. नाव मात्र बाळ येशूचे होते. तेथे राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली आणि तपासात सतरा मुलींची संख्या पुढे आली. या मुली नुकसानभरपाईच्या पैशांसाठी पुढे येत आहेत, अशा अर्थाचे उद्गार त्या वेळी राजकीय पुढाऱ्यांनी काढले आणि त्यावर लोकांचा संतापही उसळला. पोटच्या पोरीची लाज विकून पैसा मिळवावा, असे आदिवासी आईबापांना वाटते, हे ज्यांच्या मनात येऊ शकते त्यांच्याविषयी आम्ही अधिक काय लिहावे?

या प्रकरणातील एक धागा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वसतिगृहातील मुलींच्या उपचारासाठी नेमलेल्या एका डॉक्टरवर असा आरोप होता की, अत्याचाराची माहिती मिळूनही त्याने पोलिसांना कळविले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्यापुरता गुन्हा रद्द केला. महाराष्ट्र शासनाने त्याविरुद्ध फौजदारी अपील केले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने नागपूरचा आदेश रद्द ठरविला. त्या डॉक्टरचा दोष आहे की नाही, हे खटल्यातील पुराव्यावर ठरावयाचे. परंतु न्यायालयाने सांगितलेले तत्त्व सर्वांना लागू आहे. बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती असूनही ती न कळविणे हा स्वतःच एक गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. ज्यांनी मुलाला हात लावला नाही, पण सारे जाणून तोंड मिटून घेतले, त्यांच्याविषयीचा हा निकाल आहे. आणि तो दिल्लीमुंबईच्या कुठल्या प्रकरणातून आलेला नाही, आपल्या राजुऱ्यातून आलेला आहे.

कायद्यात हे पूर्वीपासूनच होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम, ज्याला सर्वजण 'पॉक्सो' म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्याचे एकोणिसावे कलम सांगते की, असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला ती कळविलीच पाहिजे. 'कोणत्याही व्यक्तीने' यात धर्मगुरू आले, भगिनी आल्या, पॅरिश कौन्सिलचे सभासद आले, स्वयंपाकीणबाई आली आणि आपणही आलो. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर एक वर्षापर्यंत. शुद्ध हेतूने कळविणाऱ्यावर मात्र कसलीही कारवाई होऊ शकत नाही. याच कायद्याचे पाचवे कलम धार्मिक संस्थेच्या चालकाने किंवा सेवकाने त्याच संस्थेतील बालकावर केलेला अंतर्भेदी लैंगिक आघात अधिक गंभीर मानते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. झगा हा अपराध हलका करणारा नसून जड करणारा आहे, असे हा कायदा सांगतो. आणि शुभवर्तमान याहून निराळे काय सांगते? लहानांना अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयी प्रभूने जे म्हटले ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात पदवीधरांसाठी सूट ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही.

गडचिरोलीची एक हकीकतही सांगितली पाहिजे. पाच वर्षांच्या एका मुलीचा हात धरून तिच्यापुढे निर्लज्ज वर्तन करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला आईने कामावरून परतताच पाहिले आणि आरडाओरडा केला. गडचिरोलीच्या विशेष न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने अपिलात ठरविले की, हा 'पॉक्सो'खालील लैंगिक आघात होत नाही. आणि भोगलेली कैद पुरेशी मानून त्याची सुटका केली. त्याच महिन्यात त्याच न्यायासनाने नागपूरच्या दुसऱ्या एका प्रकरणात, त्वचेला त्वचेचा स्पर्श झाल्याखेरीज असा अपराध घडत नाही, असा अर्थ लावला. देशभर खळबळ माजली. भारताचे महान्यायवादी, राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या न्यायालयाने दोन्ही निकाल रद्द केले. स्पर्शाच्या मागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, मधल्या कापडाची जाडी नव्हे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे. गडचिरोलीच्या आरोपीस पुन्हा पाच वर्षांची शिक्षा झाली.

या एका उदाहरणावरून अपिलाचे खरे स्वरूप ध्यानात यावे. खालचे न्यायालय एक सांगते, मधले दुसरे, वरचे तिसरे. आज ज्याला आपण निर्दोष म्हणून हार घालू, त्याला उद्या परत तुरुंगात जावे लागू शकते. तेव्हा जे लोक प्रत्येक वळणावर न्यायालयाचे बोट धरून आपली नीती ठरवू पाहतात, त्यांना जानेवारीत एका बाजूस आणि नोव्हेंबरात दुसऱ्या बाजूस उभे राहावे लागेल. पाच वर्षांची ती पोर मात्र या साऱ्या काळात तीच होती आणि तिच्यावर घडलेलेही तेच होते.

आता अपील चालते कसे, ते पाहू. कारण आमच्या मते सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. लोकांना वाटते की, अपिलात सारे काही पहिल्यापासून पुन्हा तपासले जाईल, साक्षीदार पुन्हा उभे राहतील आणि सत्य वर येईल. सामान्यतः तसे होत नाही. अपिलाचे न्यायाधीश त्या मुलाला पाहत नाहीत. त्यांच्यापुढे येते ती खालच्या न्यायालयातील कागदपत्रांची बांधलेली प्रत. मूल बोलले माडियात किंवा गोंडीत. हवालदाराने लिहून घेतले मराठीत. नागपुरात युक्तिवाद होतो इंग्रजीत. दोन नद्या ओलांडून आलेल्या त्या शब्दांवर मोठमोठे वकील काथ्याकूट करतात. कायद्याने मुलाला दुभाषा मिळण्याची तरतूद केली आहे, साध्या वेषातील महिला अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जाऊन जबानी घ्यावी असेही सांगितले आहे. परंतु हे सारे वेळेवर झाले तरच उपयोगाचे. अपिलाचा निकाल नागपुरात जाहीर होतो खरा. त्याचा पाया मात्र पहिल्या दोनचार दिवसांत, गावातच घातला जातो.

आणि त्या पहिल्या दोनचार दिवसांत आपण काय करतो? आई रडत पॅरिशच्या कचेरीत येते. तिला खुर्ची दिली जाते, पाणी दिले जाते आणि सल्ला दिला जातो: 'घाई करू नका, बिशपस्वामी दौऱ्यावर आहेत, ते आले की पाहू. पोरीच्या लग्नाचा विचार करा. प्रार्थना करा.' आठवडा जातो, पंधरवडा जातो. वैद्यकीय तपासणीची वेळ टळते, कपडे धुतले जातात. पुढे अपिलात आरोपीचा वकील पहिलाच मुद्दा काय मांडतो? 'महाराज, तक्रार उशिरा का दिली?' तो उशीर आईने केलेला नसतो. तो आपल्या शहाण्यासुरत्या मंडळींनी तिच्याकडून करविलेला असतो. आज 'अपिलाचा निकाल लागू द्या' म्हणणारेच काल 'घाई करू नका' म्हणाले होते. कालच्या सल्ल्याने पुरावा नासतो आणि आजच्या सल्ल्याने मौनाला मुदतवाढ मिळते.

काही वाचक येथे विचारतील, निरपराध धर्मगुरूवर खोटा आळ आला तर? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळत नाही. ऑस्ट्रेलियाचे कार्डिनल जॉर्ज पेल यांना डिसेंबर २०१८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरविले. पुढे सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हिक्टोरियाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती कायम केली. आणि ७ एप्रिल २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने त्यांना दोषमुक्त केले. वर्षाहून अधिक काळ ते तुरुंगात होते. अपिलाची सोय नसती तर ते तेथेच राहिले असते. म्हणून अपिलाचा हक्क आम्हांला मोलाचा वाटतो.

परंतु कॅथलिक माणसाला हे शिकायला ऑस्ट्रेलियापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या बायबलात दानिएलच्या ग्रंथात सुसान्नाची कथा आहे. प्रायश्चित्त काळात ती आपण वेदीवरून ऐकतो. दोन वडीलधारी न्यायाधीश, लोकांत मान्यता पावलेले, तिच्यावर वासनेची दृष्टी ठेवतात आणि ती वश होत नाही म्हणून तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतात. सभा त्यांच्यावर विश्वास ठेवते. का? पुरावा होता म्हणून नव्हे, तर ते वडीलधारे होते म्हणून. तिला मरणाची शिक्षा होते. तेव्हा तरुण दानिएल उभा राहतो, निकाल फिरवायला लावतो, दोघांना वेगवेगळे करून विचारतो की झाड कोणते होते. आणि दोघांची उत्तरे जुळत नाहीत. ते एक अपीलच होते! त्या अपिलाने निरपराध सुसान्ना वाचली आणि प्रतिष्ठितांचे खोटे उघडे पडले. खोट्या आळाचे भय दाखविताना आपण नेहमी झग्यातल्या माणसाला सुसान्नाच्या जागी बसवितो. ती कथा मात्र सांगते की, सभेचा विश्वास ज्याला आयता मिळतो त्यालाच अधिक बारकाईने विचारले पाहिजे. कळविणे म्हणजे दोषी ठरविणे नव्हे. चौकशी झाली तर निरपराध माणूस चौकशीतून उजळ होऊन बाहेर येतो. दडपादडपीतून कोणीही उजळ होत नाही, कारण संशय कायमचा मागे राहतो.

दुसरा आक्षेप ख्रिस्तसभेच्या अब्रूचा. आपण मूठभर आहोत, आपल्या संस्थांवर आधीच वक्रदृष्टी आहे, धर्मांतराचे आरोप होतात; अशा वेळी घरातील गोष्ट चव्हाट्यावर आणली तर शत्रूंच्या हाती कोलीत मिळेल, असे म्हटले जाते. ही भीती खरी आहे. एखादे बोर्डिंग बंद पडले तर एटापल्लीकडच्या किती मुलींची शाळा सुटेल, हे आम्ही जाणतो. पण कोलीत कोणी दिले, याचाही विचार करावा. दडविलेले प्रकरण जेव्हा दुसऱ्याकडून बाहेर येते, तेव्हा एका माणसाचा अपराध साऱ्या संस्थेचा अपराध होतो. पहिल्याच दिवशी संस्थेने स्वतः पोलिसांना कळविले, तर तो एका माणसाचाच राहतो. बोर्डिंग वाचवायचे असेल तर तोच एक मार्ग आहे.

शिवाय परक्यांच्या बाबतीत आपली नीती किती लख्ख असते! नागपूरच्या शेजारच्या छिंदवाड्यातील आसारामच्या गुरुकुलात शिकणाऱ्या एका अल्पवयीन मुलीवर ऑगस्ट २०१३ मध्ये जोधपूरजवळच्या आश्रमात अत्याचार झाला. तिचे आईबाप त्याचे निष्ठावंत भक्त होते. त्यांनी गुरूपेक्षा मुलीवर विश्वास ठेवला. त्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. तरी मुलगी डगमगली नाही आणि २५ एप्रिल २०१८ रोजी आसारामला जन्मठेप झाली. त्याने अपील केले तेव्हा आपल्यापैकी कोणी म्हणाले काय, की निकाल लागेपर्यंत बोलू नये? त्याच्या भक्तांची अंधश्रद्धा पाहून आपण हळहळलो. मग आपल्या अंगणात तोच प्रसंग आला की श्रद्धेचा आणि अंधश्रद्धेचा फरक आपल्याला का दिसेनासा होतो?

मुंबईच्या गोवंडी भागातील शिवाजीनगरची घटना वाचकांना ठाऊक असेल. २०१५ साली तेथील चर्चमधून परतलेल्या तेरा वर्षांच्या मुलाने आईला सांगितले की, धर्मगुरूने त्याच्यावर बलात्कार केला. कुटुंब तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांना भेटले. कार्डिनल त्याच रात्री रोमला रवाना झाले. पोलिसांकडे गेले ते मुलाचे घरचे लोक. २०१९ साली बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत कार्डिनलांनी या विषयीची आपली बाजू मांडली आहे. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. वरिष्ठांनी काय करायला हवे होते, याची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या मनाला मात्र त्या कुटुंबाचे दुसरेच एक गाऱ्हाणे अधिक टोचते. ते लोक मिस्साला गेले की माणसे त्यांच्याशी बोलत नसत, त्यांच्या बाकावर बसत नसत. शेवटी त्यांना ते चर्च आणि ते घरही सोडावे लागले. हे कार्डिनलांनी केले नाही, पोपमहाशयांनी केले नाही. हे आपल्यासारख्या पॅरिशमधल्या कुटुंबांनी केले. कोणत्या न्यायालयाने त्या मुलाला ही शिक्षा ठोठावली होती? आणि या शिक्षेविरुद्ध त्याने अपील कोठे करायचे?

केरळातील कोट्टियूरचे प्रकरण तर धर्मग्रामाचे वजन किती असते हे दाखविणारे आहे. तेथील धर्मगुरू रॉबिन वडक्कुमचेरी याच्यापासून एका अल्पवयीन मुलीला २०१७ साली मूल झाले. मुलीच्या जन्मदात्याने प्रथम ते पाप स्वतःच्या माथ्यावर घेतले! एक बाप आपल्याच लेकीचा अपराधी म्हणवून घ्यायला तयार होतो, पण धर्मगुरूचे नाव घ्यायला तयार होत नाही. या भयाचे वर्णन करायला आमच्याजवळ शब्द नाहीत. खटल्यात मुलगी आणि आईबाप फितले. डीएनए तपासणी मात्र फितली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. नंतर त्या मुलीशी विवाह करण्यासाठी म्हणून सुटका मागण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. डिसेंबर २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अपिलात दोष कायम ठेवला, शिक्षा मात्र दहा वर्षांवर आणली. रोमने त्याला त्याआधीच धर्मगुरुपदावरून काढून टाकले होते. ख्रिस्तसभेने अपिलाची वाट पाहिली नाही. मग आपणच का पाहावी?

'क्षमा करा' हा तिसरा उपदेश. क्षमा हा आपल्या धर्माचा प्राण आहे हे खरे. पण क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर घाव झाला त्याचा. दुसऱ्याच्या जखमेवर आपण उदार होणे याला क्षमा म्हणत नाहीत. शिवाय पापनिवेदन करणाऱ्यालाही धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतोच. ज्याने अपराध केला त्याने कायद्याची शिक्षा भोगणे हे त्याच्याही आत्म्याच्या हिताचे आहे.

पापनिवेदनाच्या गुप्ततेचा आडोसाही घेतला जातो. ती गुप्तता अभंग आहे आणि राहावी. परंतु ती संस्कारात पश्चात्तापी माणसाने सांगितलेल्या गोष्टींपुरती आहे. कचेरीत आईने सांगितलेले, मैदानावर मुलाने शिक्षकाला सांगितलेले, भगिनींनी डोळ्यांनी पाहिलेले हे पापनिवेदन नव्हे. धर्मप्रांत आपली चौकशी करील, असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आणि मार्च २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांनी धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर अशी माहिती वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले आणि देशाच्या कायद्याचे बंधन त्यामुळे कमी होत नाही, असेही स्पष्ट केले. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी अशा प्रकरणांवरील परमपीठाची गुप्तता उठविली. रोमने जे दार उघडले त्याला आपल्या पॅरिशने आतून कडी घालून बसावे, हे कोणत्या आज्ञापालनात बसते?

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक चर्चच्या आणि वसतिगृहाच्या दारावर एकोणिसाव्या कलमाचा आशय मराठीत, आणि जेथे मुले गोंडी-माडिया बोलतात तेथे त्यांच्या भाषेत लिहिला जावा. सोबत बालकांच्या मदतीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक असावा. तक्रार कानी येताच बिशपांच्या दौऱ्याची वाट न पाहता पोलिसांना कळवावे. आरोपीला त्याच दिवसापासून बालकांपासून दूर ठेवावे. ती शिक्षा नव्हे, खबरदारी होय. शिक्षा झालेल्याला अपिलात जामीन मिळाला तर त्याचे सत्कार करू नयेत. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे. धर्मगुरूच्या वकिलासाठी पॅरिशमध्ये वर्गणी निघत असेल, तर तेवढीच रक्कम मुलाच्या उपचारासाठी, शिक्षणासाठी आणि त्याच्या घरच्यांच्या प्रवासासाठी काढावी. आरोपी सुटला किंवा हलक्या गुन्ह्याखाली दोषी ठरला तर पीडितालाही अपील करता येते, हा हक्क कायद्याने २००९ च्या अखेरीस दिला आहे. जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचाही त्याला हक्क आहे. पण सिरोंच्याच्या बापाला हे कोण सांगणार? गडचिरोलीचे जिल्हा न्यायालयच त्याला दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. नागपूर तर त्याही पलीकडे. दिवसाची मजुरी बुडवून तो तारखांना कसा जाणार? आपल्या समाजात वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, गाड्या असलेली माणसे आहेत. धर्मग्रामाने त्याच्याबरोबर एक माणूस पाठविला तरी पुष्कळ होईल.

आणि एवढेही ज्याला जमणार नाही, त्याने रविवारी चर्चमध्ये त्या कुटुंबाच्या बाकावर जाऊन बसावे. त्यासाठी निकालपत्राची प्रत लागत नाही, वरिष्ठांची परवानगी लागत नाही. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की त्या मुलाचा हात हातात घ्यावा. अपिलाचा निकाल काय लागायचा तो लागेल. तो लागेपर्यंत ते मूल एकटे बसणार नाही, एवढे प्रत्येक पॅरिशला आजपासून करता येईल.